कंप आणि अभय

सेवाग्राम आणि पवनार ही दोन स्थाने ज्या जिल्ह्यात एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, त्या वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला सभेत बोलण्याच्या भयाविषयी काही लिहावेसे वाटले तर त्यात नवल नाही. कारण या दोन स्थानांशी ज्यांची नावे कायमची निगडित झाली त्या गांधी आणि विनोबा या दोघांनीही आपल्या शब्दांनी माणसे हलविली, आणि तरीही रूढ अर्थाने त्यांपैकी एकालाही कोणी फर्डा वक्ता म्हटले नाही. हिंगणघाट तालुक्यातले आमचे वडनेर हे नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे, कापूस-तुरीवर जगणारे गाव; येथे बोलण्याची वाण आहे असे मात्र कोणी म्हणू नये. कापसाचा भाव, बोंडअळी, अडून राहिलेला फेरफार, पीकविम्याची न आलेली रक्कम, या विषयांवर चहाच्या टपरीपुढे जो संवाद रंगतो तो तर्क, उपरोध आणि दृष्टांत या तिन्ही अंगांनी कोणत्याही व्याख्यानमालेत शोभावा असा असतो. तेच बोलणे चार खुर्च्या आणि एक टेबल मांडून, रीतसर नोटीस काढून मागितले, की ते तोंडातल्या तोंडात विरून जाते. माणूस तोच, विषय तोच, ऐकणारेही बहुतांशी तेच. मग मध्ये आले काय, हा प्रश्न मला मानसशास्त्राइतकाच धर्माचा वाटतो, आणि त्याच बाजूने त्याचा विचार करण्याचा माझा मानस आहे.

या भयावरचे प्रचलित उपाय सर्वांस ठाऊक आहेत. आरशापुढे उभे राहून सराव करावा, श्रोत्यांना दगडधोंडे समजावे, 'मला जमेल' हे वाक्य मनात घोळवीत व्यासपीठ चढावे. त्यांची थोडीफार उपयुक्तता मी नाकारीत नाही. शालेय वक्तृत्वस्पर्धेतली ढाल त्यांच्या बळावर खुशाल जिंकता येते. परंतु ज्या व्याधीचे मूळच 'मी'च्या अतिरिक्त जाणिवेत आहे तिच्यावर 'मी'चीच मात्रा वाढवून देणारा हा वैद्य रोग्याला कोठे नेणार, याविषयी मला शंका आहे. शिवाय ऐकायला आलेल्या जिवंत माणसांना दगड कल्पून जे बोलले जाईल ते दगडांनाच योग्य असणार, ही दुसरी अडचण आहेच.

गीतेच्या आरंभी अर्जुनाच्या देहाची जी अवस्था वर्णिली आहे ती, ग्रंथाचे पावित्र्य क्षणभर बाजूला ठेवून, केवळ लक्षणे म्हणून वाचावी. गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कापरे भरते, रोमांच उभे राहतात, त्वचेचा दाह होतो, मन भ्रमते आणि हातातले गांडीव निसटते. गांडीवाच्या जागी रात्रभर जागून लिहिलेला कागद घातला, की पहिल्यांदाच सभेत उभ्या राहिलेल्या कोणाही माणसाचे हे हुबेहूब वर्णन ठरेल. पुढे स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगून होतात, कर्म, ज्ञान, ध्यान यांचे विवेचन होते, आणि वाचकाची अशी सहज समजूत होते की आता हा कंप शमला असेल. परंतु अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहताना त्याच अर्जुनाच्या अंगावर पुन्हा रोमांच उठतात, तो हात जोडून थरथरतो, त्याचा स्वर गद्‌गद होतो आणि तो अत्यंत भ्यालेला आहे असे संजय स्पष्ट सांगतो. म्हणजे नऊ अध्यायांच्या उपदेशाने देहाचा कंप गेला नाही. उलट तो वाढला. मात्र पहिल्या अध्यायात त्या कंपाने धनुष्य गळाले, आणि येथे त्याच कंपातून गीतेतील सर्वांत उत्कट स्तवन अर्जुनाच्या मुखातून बाहेर पडले. बदलले ते इतकेच की तो कोणापुढे उभा होता.

नाट्यशास्त्राने स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे जे आठ सात्त्विक भाव गणले, त्यांची यादी पुढे भक्तिमार्गाने जशीच्या तशी उचलली. कीर्तनात एखाद्या वृद्ध टाळकऱ्याचा कंठ दाटून आला, अंग थरारले, शब्द अर्ध्यावर तुटला, तर शेजारचा माणूस त्याच्या पायांवर डोके ठेवतो; आणि नेमकी हीच अवस्था ध्वनिक्षेपकापुढे उभ्या राहिलेल्या तरुणाची झाली, तर मागच्या रांगेत हशा पिकतो. देहाच्या ठायी भय आणि भक्ती यांना वेगवेगळी भाषा दिलेली नाही. म्हणून कंप नाहीसा करण्याच्या खटपटीत जे आयुष्य घालवितात ते, माझ्या मते, चुकीच्या शत्रूशी लढतात. ज्याला सभेपुढे काहीच होत नाही, ज्याचे तळहात कोरडेच राहतात, त्याच्याविषयी मला तरी फारसा विश्वास वाटत नाही; एक तर त्याचे बोलणे त्याला शंभरदा पाठ झालेले असते, किंवा समोरच्या माणसांची त्याला पर्वा नसते.

मग हा कंप भयाचा केव्हा होतो? बृहदारण्यक उपनिषदात सृष्टीच्या आरंभीचे एक लहानसे कथानक आहे. आदिपुरुष एकटाच होता आणि एकटा असूनही तो भ्याला. मग त्याने विचार केला की माझ्यावाचून येथे दुसरे काही नाहीच, तर मी भ्यावे कोणाला. आणि त्याचे भय मावळले, कारण भय हे दुसऱ्यापासूनच उपजते. या कथेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा निष्कर्ष नसून त्याच्या आधीची विसंगती आहे. दुसरा कोणी नसतानाही तो भ्याला, याचा अर्थ दुसरा त्यानेच कल्पिला होता. सभेत उभ्या राहणाऱ्याचे असेच होते. समोर बसलेल्या माणसांपैकी कोणी बाहेर बांधलेल्या बैलाची, कोणी दुपारच्या गाडीची चिंता करीत असतो. वक्त्याच्या उच्चारातील चुका टिपून ठेवण्याइतकी सवड तेथे क्वचितच कोणाला असते. पण वक्ता मात्र स्वतःलाच दुभंगून अर्धा बोलण्यास ठेवतो आणि अर्धा न्यायाधीश करून पहिल्या रांगेत बसवितो. हा स्वनिर्मित न्यायाधीश पुरावा न ऐकताच निकाल देतो, आणि त्याच्या इजलासावरून अपील चालत नाही. आपल्याविषयीची शंका म्हणून जिला म्हणतात ती बहुधा हीच. तिला नम्रता समजण्याची भूल होते, परंतु नम्र माणसाला स्वतःचा इतका विचार करावा लागत नाही.

या बाबतीत मोहनदास गांधींचा दाखला नेहमी दिला जातो, पण तो फार लवकर गुंडाळला जातो. बुजरा मुलगा होता, पुढे महात्मा झाला, इतकीच कथा ऐकवून व्याख्याते टाळ्या घेतात. आत्मकथेत खुद्द गांधींनी जे नमूद केले आहे ते याहून अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणूनच अधिक उपयोगाचे आहे. विलायतेत शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर असताना डॉ. ॲलिन्सन यांना काढून टाकण्याचा ठराव आला, तेव्हा ॲलिन्सन यांची मते मान्य नसूनही त्यांना काढणे अन्यायाचे आहे असे गांधींना वाटत होते. त्यांनी आपले म्हणणे लिहून आणले, पण ते वाचण्याचे धैर्य झाले नाही आणि दुसऱ्याने ते वाचले. व्हेंटनर येथे शाकाहाराच्या प्रसारासाठी आयोजित सभेत जेमतेम एक पान भाषण हाती असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग कापू लागले आणि सोबतचे मजुमदार यांना ते वाचावे लागले. १८९१ साली निरोपाच्या भोजनप्रसंगी तोंडपाठ करून आणलेल्या विनोदाचे पहिले वाक्य आठवले आणि दुसरे आठवेना. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात, ३० रुपये मेहनताना घेऊन पत्करलेल्या पहिल्याच दाव्यात, उलटतपासणीसाठी ते उभे राहिले तो डोके गरगरले. पक्षकाराने दुसरा वकील करावा असे सांगून ते खाली बसले, आणि ते काम पटेल नावाच्या वकिलांनी ५१ रुपये घेऊन केले.

मग १८९३ साली प्रिटोरियात, तेथील हिंदी व्यापाऱ्यांच्या बैठकीत, ते आयुष्यातले पहिले म्हणण्याजोगे भाषण करतात. विषय कोणता, तर व्यापारातील सचोटी. आणि श्रोते कोण, तर व्यापारात सत्य चालत नाही असे मानणारे व्यापारी. आपली भाषाशैली कशी, आपण बॅरिस्टर शोभतो की नाही, हा प्रश्न त्या दिवशी बाजूला पडलेला दिसतो. समोरच्या माणसांना परक्या मुलखात जी अवहेलना सोसावी लागत होती तिचे निवारण आणि त्यांचे स्वतःचे वर्तन यांचा संबंध जोडून दाखविण्याची निकड त्याहून मोठी ठरली. येथे कथा संपविली, तर माझे म्हणणे फार सहज सिद्ध होईल: कार्य मोठे झाले, 'मी' लहान झाला, भय पळाले.

परंतु तीनच वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईत एका जाहीर सभेत फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची कैफियत मांडण्यास गांधी उभे राहिले. कार्य तेच होते, अधिक तातडीचे होते, मधल्या काळात नाताळमध्ये त्यांनी लोकांची संघटना उभारली होती, भाषण छापून तयार होते. आणि तरीही त्यांचा आवाज बसला. फिरोजशहा मोठ्याने बोलण्यास सांगत होते आणि स्वर अधिकच खाली जात होता. केशवराव देशपांड्यांनी कागद हाती घेतला, पण लोकांनी वाच्छांचा पुकारा केला, आणि अखेर दिनशा वाच्छांनी भाषण वाचले. हे उदाहरण माझ्या सिद्धांताला गैरसोयीचे आहे; भय एकदा गेले की गेले, असे ते म्हणू देत नाही. परंतु त्यातच एक बारीक फरक दडलेला आहे. व्हेंटनरला दुसऱ्याने भाषण वाचले तेव्हा गांधी शरमिंदे आणि खिन्न झाले होते. मुंबईत दुसऱ्याने भाषण वाचले आणि ते ऐकताना सभेने टाळ्या दिल्या, धिक्काराचे उद्गार काढले, तेव्हा त्यांना आनंद झाला. घटना एकच, कंपही एकच. पहिल्या वेळी फजिती त्यांची होती, दुसऱ्या वेळी काम त्यांच्या मुखावाचूनही पार पडले होते. अपयशाची लाज जिथे वाटेनाशी होते तिथे भयाला उभे राहायला जागा फार थोडी उरते, मग देह काय वाटेल ते करो. आपल्या बुजरेपणाविषयी त्यांनी उतारवयाकडे झुकताना जे लिहिले ते असे की त्याने आपल्याला शब्दांचा काटकसरी वापर शिकविला. पुढे सेवाग्रामच्या वर्षांतही आठवड्यातून एक दिवस, सोमवारी, ते मौन पाळीत. ज्याचे बोलणे ऐकण्यास लोक कोसांवरून येत त्याने हा दिवस राखावा, यात जुन्या संकोचाचे काही अंश व्रतरूपाने शिल्लक राहिले असावेत असे मला वाटते.

अभय हे गांधींच्या आश्रमाच्या अकरा व्रतांपैकी एक. १९३० साली येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या व्रतविषयक पत्रांत गांधींनी एक मिस्कील शंका घेतली आहे: गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गणनेत अभयाला जे पहिले स्थान आहे ते छंदाच्या सोयीसाठी की हेतुपूर्वक, हे आपण सांगू शकत नाही. त्यांना मात्र ते स्थान योग्यच वाटे. मला त्या गणनेत अभयाच्या पाठोपाठ येणारी सत्त्वशुद्धी अधिक विचार करण्याजोगी वाटते. निवडणुकीच्या दिवसांत गावोगाव फिरणाऱ्या जीपगाडीच्या टपावरून धडधडीत असत्य बोलणारा माणूसही निर्भय असतोच. त्याचा आवाज चढतो, हात हलतात, श्रोते डोलतात. केवळ निर्भयता हा सद्गुण असता तर त्याला संतांच्या पंक्तीत बसवावे लागले असते. चित्त शुद्ध नसलेल्याचे अभय हा समाजाला जाच आहे, आणि चित्त शुद्ध असलेल्याचे भय हे समाजाचे नुकसान आहे. वक्तृत्ववर्ग दोघांनाही एकच औषध देतो. त्याच पत्रांत बाहेरची सारी भये सोडण्यास सांगताना आतल्या शत्रूंचे, कामक्रोधादिकांचे, भय मात्र राखण्यास गांधी सांगतात. भय समूळ उपटण्याचा आग्रह तेथेही नाही.

विनोबांचे उदाहरण निराळ्या जातीचे आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे त्यांनी गीतेवर जी प्रवचने केली ती साने गुरुजींनी टिपून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. बोलणाऱ्याने ती ग्रंथासाठी केली नव्हती. पुढे १९४० साली, १७ ऑक्टोबरला, वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून पवनारला ते बोलले. या सत्याग्रहात मीठ उचलायचे नव्हते की जंगल तोडायचे नव्हते. युद्धाविरुद्ध जाहीरपणे बोलणे हाच अपराध होता आणि हेच व्रत. देशातल्या नामांकित वक्त्यांना सोडून गांधींनी ज्या माणसाला पहिला मान दिला त्याचे नाव तोवर फारसे कोणाला ठाऊक नव्हते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पहिल्याच प्रवचनात विनोबांनी अर्जुनाविषयी जे प्रतिपादन केले आहे ते आपल्या विषयाला थेट येऊन भिडते. अर्जुन भित्रा नव्हता, त्याने शेकडो लढाया मारल्या होत्या. तो डगमगला तो समोर स्वजन दिसल्यामुळे. अनेकांना फाशी सुनावणारा न्यायाधीश स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर येताच फाशीच्या शिक्षेविरुद्ध तत्त्वज्ञान सांगू लागतो, तशी ही गत.

आमच्या वडनेरसारख्या गावात सभेचे भय असते ते स्वजनांचेच. हिंगणघाटच्या बाजार समितीत अडत्याशी तावातावाने वाद घालणारा शेतकरी, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, ज्यांच्यासमवेत तो वाढला त्या माणसांपुढे गप्प बसतो. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती गणपूर्ती कायद्याला हवी असते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट उरत नाही. हजेरी मोजण्याची इतकी बारीक तरतूद करणाऱ्या कायद्याला, हजर असलेल्यांपैकी बोलले किती, हा प्रश्न पडलेला नाही. आणि येथे मला माझ्याच आतापर्यंतच्या प्रतिपादनाला आवर घालणे भाग आहे. मागच्या रांगेतून उठलेला माणूस दोन वाक्ये बोलून 'बाकी सगळ्यायले ठाऊकच हाये' असे म्हणत खाली बसतो, तेव्हा त्याच्या आतला न्यायाधीश त्याला बसवितो असे दर वेळी म्हणता येणार नाही. कधी पहिल्या रांगेत खरोखरीच तो माणूस बसलेला असतो ज्याच्याकडून हंगामासाठी उसने घेतले आहे. कधी भाऊबंदकीचा दावा चालू असलेला चुलता. कधी रोजगार हमीच्या कामावर नाव घालणारा. हे भय कल्पित नाही, आणि 'दुसरा नाहीच' हे उपनिषदाचे उत्तर अशा माणसाला सुनावणे म्हणजे तत्त्वज्ञानाची विटंबना करणे होय.

येथे धर्मानेच अभयाचे दुसरे अंग सांगून ठेवले आहे, ज्याकडे वक्तृत्वाचा विचार करणारे सहसा वळत नाहीत. अभय जसे मिळवायचे असते तसे ते द्यायचेही असते. संन्यास घेणारा प्रथम सर्व भूतांना अभय देतो, मग घर सोडतो. म्हणजे स्वतः निर्भय होण्याची वाट इतरांना आपल्यापासून निर्भय करण्यातून जाते. सभेचे अभय हे अशा रीतीने श्रोत्यांच्या हाती असते. ज्ञानेश्वरांनी हे पूर्णपणे ओळखले होते. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे अवधान मागतात, आणि ते मागताना आपण बोबडे बोलणारे लेकरू असून ऐकणारे संत हे आपले माहेर आहे अशी भूमिका घेतात. त्यात लाडिकपणा पाहणारे टीकाकार आहेत. मला मात्र त्यात वक्ता आणि सभा यांच्यातील एक करार दिसतो. अवधान तुम्ही द्या, बोलणे आपोआप होईल, असे सांगणारा वक्ता आपल्या यशाचा अर्धा भार सभेवर टाकतो आणि सभेलाही तो भार उचलण्यात सुख वाटते. शके १२१२ मध्ये नेवाशाला जे घडले त्यात ऐकणाऱ्यांचा हिस्सा किती, हे कोणी मोजलेले नाही.

आमच्या विदर्भातले गाडगेबाबा याहून एक पाऊल पुढे गेले. ते कीर्तनात प्रश्न टाकीत आणि लोकांनी एका आवाजात उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नसत. देवाला नैवेद्य कोण दाखवितो, त्यावर आलेले कुत्रे कोण हाकलतो, असे साधे, नकळत टोचणारे प्रश्न. आणि ज्या माणसांनी गावच्या पाटलापुढे कधी मान वर केली नाही त्यांच्या मुखातून, शेकडोंच्या आवाजात मिसळून का होईना, स्वतःचे उत्तर बाहेर पडे. एकट्याचा आवाज काढण्यापूर्वी सर्वांच्या आवाजात आपला आवाज ऐकण्याची ही तालीम कोणत्याही वर्गात मिळत नाही. बाबा शाळेत गेले नव्हते, हे सांगण्याची गरज नाही. पण सभेची भीती घालविण्याची त्यांची रीत आपल्या शाळांनी उचललेली नाही, हे सांगण्याची आहे. शाळेत एक मुलगा बोलतो आणि बाकीचे त्याला गुण देण्यासाठी किंवा हसण्यासाठी बसलेले असतात.

कायद्याने नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा भरविण्याची तरतूद केली आहे. त्या सभेत बाया बोलतात, आणि चांगल्या बोलतात. पाण्याची टाकी, दारूचे दुकान, रेशनच्या धान्यातली घट हे विषय त्यांना कोणी समजावून द्यावे लागत नाहीत. मग मोठ्या सभेत त्यांचे ठराव पंचायतीचा अधिकारी दप्तरातून काढून एका सुरात वाचतो, बाया भिंतीशी बसून ऐकतात आणि इतिवृत्तात 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' असे लिहिले जाते. ज्या बाईने ठराव मांडला तिनेच तो मोठ्या सभेत वाचावा, अडखळली तर शेजारणीने पुढचे वाचावे, आणि इतिवृत्तात कोण काय बोलले याची नोंद नावानिशी व्हावी, एवढे करण्यास नव्या कायद्याची आवश्यकता नाही. तिचा आवाज कापेल. तो कापला म्हणून ठरावाचे काही बिघडत नाही. ती वाचीत असताना पुरुषांनी आपसात बोलू नये आणि अध्यक्षांनी घड्याळ पाहू नये, ही जबाबदारी मात्र कोणाच्याही कर्तव्यसूचीत लिहिलेली नसल्यामुळे ती कोणी घ्यायची हे सभेनेच पहिल्या विषयाआधी ठरवून घेतलेले बरे.